गवताचे छप्पर, सागाचे खांब

प्रवासाला निघणे सोपे असते. उतरायचे कुठे हे ठरवणे अवघड. आमच्या वडिलांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. पंढरपूरला गेले की बडव्यांकडे, गोकर्णाला गेले की उपाध्यांकडे आणि पुण्या-मुंबईला गेले की कुणा ना कुणा नातलगाकडे वळकटी टाकायची. हॉटेल म्हणजे चहा-भजी खायची जागा. तिथे पैसे देऊन झोपायचे, हे त्यांना सांगितले असते तर त्यांनी आम्हालाच झोपेतून उठवले असते.

आता काळ बदलला. आमच्या लग्नाला ४० वर्षे झाली म्हणून बेंगळुरूला असणाऱ्या आमच्या मुलाने आम्हा दोघांना बालीला पाठवायचे ठरवले. बेंगळुरूहून तिकडे आता थेट विमान जाते. साताठ तासांत माणूस विषुववृत्त ओलांडून पलीकडे उतरतो आणि घड्याळ अडीच तास पुढे सरकवतो. तिकिटे काढून झाल्यावर मुलाचा फोन आला, "बाबा, हॉटेल मात्र तुम्ही दोघं ठरवा. पैशांचं मी बघतो. समुद्राकाठचं, चांगल्यातलं आणि तिथल्या जुन्या पद्धतीचं हवं, एवढं आईनं सांगितलंय."

'जुन्या पद्धतीचं' या दोन शब्दांपाशी मी थबकलो. त्याला कारण होते. त्याच आठवड्यात दादांचा निरोप आला होता. खानापूर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, सोप्याला सागाचे बारा खांब. आजोबांनी तो साग दांडेलीकडच्या रानातून बैलगाड्यांवर घालून आणला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गोव्याकडचा एक व्यापारी ते खांब बघून गेला होता. समुद्राकाठी कुणाचे तरी मोठे हॉटेल उभे राहत होते आणि त्यांना 'जुने, अस्सल' लाकूड हवे होते. खांब, तुळया, दिंडीदरवाजाची चौकट आणि माजघराचे दार एवढ्याला त्याने सांगितलेली रक्कम ऐकून दादांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. खांब गेले की घर उभे राहणार नाही. मग मोकळी जागा विकायची, असा हिशेब होता. आम्ही तिघे भावंडे. धारवाडच्या अक्काच्या यजमानांचे डायलिसिस सुरू होते आणि तिला पैशांची निकड होती. दादा म्हणाले, "तुझं मन होत नाही हे मला दिसतंय. तू जाऊन ये, मग काय ते सांग. पण पावसाळ्याआधी सांग."

तेव्हा एकाच वेळी दोन प्रश्न माझ्यापुढे आले. परक्या बेटावर जुन्या पद्धतीचे घर शोधायचे आणि आपले जुने घर ठेवायचे की मोडायचे ते ठरवायचे. मी आधी सोपा वाटला तो प्रश्न हाती घेतला. तो तितका सोपा नव्हता.

बालीतल्या समुद्राकाठच्या हॉटेलांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सानूर नावाचे गाव आहे. १९०६ साली डच फौजा इथेच उतरल्या आणि पुढे देनपासारच्या राजाने शरण न जाता सारा परिवार घेऊन मृत्यूला कवटाळले. याच सानूरला स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो यांच्या पुढाकाराने, जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशांतून, 'बाली बीच' हे दहा मजली हॉटेल उभे राहिले. ते १९६६ साली सुरू झाले. लिफ्ट, गुळगुळीत गच्च्या, सगळे काही होते. पण माडांच्या राईतून वर डोके काढणारा तो ठोकळा बघून बालीच्या लोकांना बरे वाटले नाही. पुढे नियमच झाला की इमारत माडाच्या झाडाहून उंच असता कामा नये. मोजून १५ मीटर. आपल्याकडे इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. तिथे ती माडावरून ठरली.

त्याच्या जवळच, १९६२ साली, विजा वावोरुंतु नावाच्या गृहस्थांनी 'तांजुंग सारी' नावाने चार खोपटी बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. बुटकी कुंपणाची भिंत, आत अंगण, गवताचे छप्पर. श्रीमंत प्रवाशांनी दहा मजले सोडून ही खोपटी पसंत केली आणि 'बाली पद्धतीचे हॉटेल' या कल्पनेला धुमारे फुटले. पश्चिम किनाऱ्यावर सेमिन्याकला पीटर मुलर या ऑस्ट्रेलियन वास्तुकाराने गावाच्या धर्तीवर रचलेली वस्ती १९७८ साली आपल्या ओबेरॉय मंडळींनी चालवायला घेतली. दक्षिणेला नुसा दुआ येथे सरकारने आखून दिलेल्या जागेत १९८३ पासून मोठमोठी हॉटेले आली आणि त्यांच्या दारांत देवळासारखी दुभंगलेली वेस उभी राहिली. म्हणजे आज ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणून पैसे मोजतो, त्या हॉटेलांचे वय साठेक वर्षांचे. माझ्याहूनही कमी!

मग खरे बाली घर कसे असते? ते वाचताना मला आमच्या गावाकडचा सुतार आठवत राहिला. तिथे घर बांधण्याच्या शास्त्राला 'अस्त कोसल कोसली' म्हणतात आणि ते जाणणाऱ्या कारागिराला 'उंदागी'. हा उंदागी टेप घेऊन येत नाही. घरधन्याच्या अंगाचे माप घेतो. त्याचा हात, त्याचे पाऊल, दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, जिला आपण वाव म्हणतो. त्या मापांत घर बसवतो. खांब उभा करताना झाडाचा मुळाकडचा भाग खाली आणि शेंड्याकडचा वर, असाच ठेवायचा. उलटा खांब अशुभ. घर पुरे झाले की 'मेलास्पास' नावाचा विधी करतात, तेव्हा कुठे घरात जीव येतो. ही आपली वास्तुशांतच झाली. आणि घर म्हणजे एक इमारत नव्हे. भिंतीच्या आत अंगण आणि त्याभोवती निरनिराळे मंडप. निजायचा वेगळा, पाहुण्यांचा व कार्याचा वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा, एका कोपऱ्यात देवघर आणि जवळ भाताचे कोठार. या कोठारांच्या आकाराच्या खोल्या आता हॉटेलांत असतात. म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांची झोपण्याची सोय कणगीत करावी, तसे!

पण सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. बालीच्या घराचे पवित्र अंग डोंगराकडे असते. गुनुंग आगुंग या ज्वालामुखीच्या दिशेला 'काजा' म्हणायचे, समुद्राच्या दिशेला 'केलोद'. देव डोंगराकडे, समुद्राकडे खालचे, टाकायचे. निजताना डोके डोंगराकडे किंवा उगवतीकडे करायचे, पाय समुद्राकडे. समुद्रावर जायचे ते मासेमारीला, नाही तर देवाच्या मूर्ती आणि वस्तू शुद्ध करून आणायला आणि अस्थी सोडायला. तेव्हा समुद्राकडे तोंड केलेले 'पारंपरिक बाली घर' हा प्रकार मुळातच उलटा आहे. पाहुण्यांना लाटा बघत चहा प्यायचा असतो, म्हणून घराने तोंड फिरवले. हे कळल्यावर मी अस्सल हॉटेल शोधण्याचा नाद सोडला आणि साधे प्रश्न विचारू लागलो.

मुलाने तीन जागांची छायाचित्रे पाठवली होती. एक नुसा दुआचे भव्य हॉटेल, कोरीव वेस आणि हजारभर पाहुण्यांची सोय असलेले. दुसरे जावा बेटावरची जुनी सागवानी घरे उकलून, जहाजाने आणून पुन्हा जोडलेले. तिसरे सानूरचे, बैठ्या गवताच्या छपरांचे, त्या मानाने साधे. आमच्या हिने चष्मा लावून तिन्ही पाहिली आणि विचारले, "अहो, यात पायऱ्या कुठं कमी आहेत?" गुडघेदुखी असणाऱ्यांना वास्तुशास्त्रातले हे पहिले सूत्र ठाऊक असते.

जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून आम्ही कशाकशाचा विचार केला ते सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर सूर्यास्त सुरेख, पण लाटा दांडग्या. पूर्वेला सानूरपुढे प्रवाळाचा बांध आहे, म्हणून पाणी शांत आणि उथळ. ओहोटीला मात्र ते खूप आत जाते, तेव्हा पोहायची वेळ भरती बघून ठरवावी लागते. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, आणि त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर समुद्र कचराही आणून टाकतो; एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे दिवस. दराच्या पुढे अधिकाची दोन चिन्हे असली तर कर आणि सेवा मिळून सुमारे २१ टक्के वर धरायचे. परदेशी प्रवाशाकडून बेट १५०,००० रुपिया वेगळे घेते; २०२४ च्या फेब्रुवारीपासून ही पद्धत सुरू झाली आहे. शाकाहारी असाल तर तिथल्या मिरचीच्या चटणीत बहुधा कोळंबीचा खारवलेला लगदा असतो, तेव्हा आधी विचारावे. टेंपे मात्र निर्धास्त खावे. सोयाबीन आंबवून केलेल्या त्याच्या वड्या आमच्या हिला इतक्या आवडल्या की तिने कृती उतरवून आणली. आणि न्येपीच्या सुमारास जाणार असाल तर पंचांग बघा. न्येपी म्हणजे तिथला शक संवत्सराचा पहिला दिवस. तोच शक, जो आपण पाडव्याला बदलतो. २०२३ साली तर न्येपी आणि आपला पाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले होते. आपण गुढी उभारतो; ते चोवीस तास मौन पाळतात. दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद.

आम्ही सानूरचे घेतले. पायऱ्या तीनच होत्या.

मे महिन्यात पोचलो. गलुंगनचा सण होऊन गेला होता आणि घरोघरी उभारलेले पेंजोर, शेंड्याकडे वाकलेले सजवलेले बांबू, वाळून तसेच उभे होते. ही म्हणाली, "गुढ्या उतरवायच्या राहिल्यात वाटतं." पहिल्या दिवसापासून आमच्या कानांना वेगळाच खेळ मिळाला. तिथे भाषेला 'बहासा', बायकोला 'इस्त्री', नवऱ्याला 'सुआमी'. खिडकीला 'जेंडेला' म्हणतात हे कळल्यावर मला गोव्याचे 'जनेल' आठवले. टेबलाला 'मेजा' म्हणजे आपले मेजच. पोर्तुगिजांनी तेच शब्द दोन्हीकडे टाकलेले. शाळा-कचेरीत इंडोनेशियन आणि घरात बाली, असे तिथल्या मुलांचे चालते. बाहेर एक नि घरात एक बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे नवल नाही. २०१८ साली तिथल्या गव्हर्नरांनी फलकांवर वर बाली लिपी आणि खाली रोमन असा नियम केला. कन्नड अक्षरे रोज बघणाऱ्या डोळ्यांना ती गोल वळणे ओळखीची वाटतात. वाचता मात्र येत नाहीत. घरातल्या विसरलेल्या एखाद्या चुलत्यासारखी.

रोज सकाळी खोली आवरणारी बाई माडाच्या कोवळ्या पानांची छोटी परडी घेऊन येई. तिला 'चनांग सारी' म्हणतात. परडीत रंगीत फुले, वर एक उदबत्ती. आमच्या मंडपाच्या खांबापाशी ती परडी ठेवी, हाताने धूर वारून पुटपुटे आणि मग झाडू उचले. आम्ही उठलो आहोत की निजलो आहोत, बघतो आहोत की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. पाहुण्यांना दाखवण्यासाठी हे नाही, एवढे त्यावरूनच कळत होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या दुसऱ्या प्रकारच्या एका हॉटेलात दुपारचा चहा घ्यायला गेलो. जावाचे जुने घर मला जवळून बघायचे होते. त्याला 'जोग्लो' म्हणतात. मधोमध चार जाड खांब, त्यांचे नाव 'सोको गुरू', त्यांवर तुळयांचे थरांवर थर चढत गेलेले. साग असा की हात ठेवावा आणि काढू नये. देखणे होते, स्वच्छ होते, चहाही उत्तम होता. बघता बघता माझी नजर वर गेली. एका तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या, हातभर अंतरावर, आतून घासून पातळ झालेल्या. त्यांना वेलीची कुंडी टांगली होती. मी तिथल्या मुलाला विचारले, या कड्या कशाच्या? तो अदबीने म्हणाला, "जुन्या आहेत, सर. घराबरोबरच आल्या."

ही माझ्याकडे बघत होती. आमच्या सोप्यावरच्या तुळईला तशाच दोन कड्या आहेत. त्यांना पाळणा टांगत. त्या पाळण्यात दादा, अक्का, मी आणि आमची सगळी मुले झुलली. त्या जावाच्या घरात कड्यांना पाळणा होता, झोपाळा होता की आणखी काही, मला ठाऊक नाही. पण ते सांगू शकणारे माणूस त्या घराबरोबर आले नव्हते. लाकूड वाचले होते, यात शंका नाही. कुणी विकत घेतले नसते तर कदाचित वाळवीने खाल्ले असते किंवा सरपणात गेले असते. हॉटेलवाल्याला नावे ठेवण्यासारखे तिथे काहीच नव्हते. फक्त ते घर आता कुणाचेच घर नव्हते.

आमच्या हॉटेलात परतलो तर एका मंडपाचे छप्पर बदलायचे काम चालू होते. तिथले गवत म्हणजे 'आलांग-आलांग'. पात्या बांबूच्या काठीवर ओवून त्याच्या पट्ट्या करतात, वाशांवर दाट बांधतात आणि मग कंगव्यासारख्या अवजाराने केस विंचरावेत तसे छप्पर विंचरून साफ करतात. काही वर्षांनी ते कुजते, पुन्हा नवे. मी तिथल्या म्हाताऱ्या माळ्याला विचारले, "ही लाकडं किती जुनी?" त्याने हसून मान हलवली. खांब माडाचे, साधेच, मध्ये एकदा बदललेले. अंगणाची भिंत तेवढी जुनी, प्रवाळाच्या दगडाची. समुद्रातून तसा दगड काढायला आता बंदी आहे. "मग जुनं काय?" असे मी विचारले. त्याला प्रश्नच नीट कळला नाही. छपरावर बसलेल्या माणसांकडे बोट करून त्याने एवढेच सांगितले, की यांच्या वडिलांनीही हे छप्पर घातले होते आणि खांब बदलले तेव्हा मेलास्पास पुन्हा केला होता.

त्या रात्री आम्ही दोघे ओट्यावर बसून बराच वेळ बोललो. मी तोवर खांब म्हणजे घर असे धरून चाललो होतो. व्यापाऱ्याचा हिशेबही तोच होता. इथे खांब बदलले तरी घर तेच राहिले होते आणि तिथे खांब जसेच्या तसे राहून घर गेले होते. "आपल्या घरात आत्ता कोण राहतं?" हिने विचारले. आमच्या घरात गेली २२ वर्षे गदगकडचे एक शाळामास्तर भाड्याने राहतात. त्यांची दोन्ही मुले त्याच कड्यांच्या पाळण्यात वाढली. दर वैशाखात मास्तर स्वतः वर चढून कौले शाकारतात आणि फुटक्या कौलांचा खर्च भाड्यातून वळता करतात. आमच्यापैकी कुणी त्या छपरावर चढल्याला तीस वर्षे झाली असतील. "मग विचारा त्यांना," ही म्हणाली.

परत आल्यावर मी आधी दादांशी आणि मग मास्तरांशी बोललो. घर विकत घेता का, असे कुणी विचारील ही त्यांची कल्पनाच नव्हती. बाई आतून पदर सावरत बाहेर आल्या आणि काही न बोलता उभ्याच राहिल्या. कर्ज काढून, गावाकडचा शेताचा तुकडा विकून मास्तर जी रक्कम उभी करू शकत होते, ती खांब अधिक मोकळी जागा या बेरजेपेक्षा बरीच कमी होती. ही गोष्ट हसत सोडून देण्यासारखी नव्हती. अक्काला लागणारा पैसा खरा होता. डायलिसिसची बिले आठवणींवर भागत नाहीत. मी धारवाडला जाऊन तिच्यापुढे दोन्ही आकडे मांडले. कड्यांची गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. ती तिला सांगून निर्णय काढून घेणे मला बरे वाटले नाही. तिने विचार करायला आठ दिवस घेतले. मग दादांनी आणि मी आमच्या वाट्यांतून तिची तूट भरून द्यायची असे ठरले. दादांना हे सोपे नव्हते. त्यांना घराचे प्लास्टर करून घ्यायचे होते, ते राहिले. ते त्यांनी बोलूनही दाखवले आणि तरी सही केली.

व्यापाऱ्याला नकार कळवला. तो समजूतदार माणूस होता. म्हणाला, असे खांब या भागात अजून पुष्कळ घरांत आहेत. ते खरे आहे. ही हकीकत वाचणाऱ्या कितीतरी घरांतही असतील. प्रत्येकाने विकू नयेत असे मी म्हणणार नाही. घर रिकामे असेल, छप्पर बसले असेल, वापरणारे कुणी नसेल, तर लाकूड कुठे तरी उभे राहिलेले बरे. पण विकण्याआधी एक चौकशी करावी: या छपरावर सध्या कोण चढते? असा माणूस असेल, मग तो आपल्या नात्याचा असो वा नसो, आपल्या भाषेचा असो वा नसो, तर पहिला हक्क त्याचा.

आणि बालीला जाणार असाल तर सानूरकडे बघा. चांगल्यातले हवे तर चांगल्यातले घ्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त छायाचित्रातले कोरीवकाम बघून भुलू नका. छप्पर कोण घालते आणि सकाळची परडी कोण ठेवते, एवढे विचारून घ्या.

मास्तरांनी खरेदीखत झाल्यावर पहिली गोष्ट केली ती शाकारणीची. मृगाच्या आधी चारशे कौले बदलली.